एका मिलिमीटरला अडीच किलो

डांबरी रस्त्याचा हिशेब करायला बसलं की पहिली अडचण डांबराची नसते, मापांची असते. क्रशरवर खडी ब्रासने मिळते. रिफायनरीतून डांबर टनाने सुटतं. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत डांबरी काँक्रीटचा दर घनमीटरला असतो, कार्पेटचा चौरस मीटरला. हॉटमिक्स प्लांटवर तयार माल पुन्हा टनावर. आणि सिन्नरजवळच्या माळेगाव किंवा मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याचं आवार डांबरी करून घेणाऱ्या मालकाला ठेकेदार भाव सांगतो तो स्क्वेअर फुटाचा. जो तो आपल्या मापात बरोबर असतो. तरीही संध्याकाळी पेव्हर, म्हणजे थर पसरणारं यंत्र, मालावाचून उभा राहतो, नाहीतर रस्ता संपल्यावर एक भरलेला हायवा ट्रक वाफा सोडत येऊन थांबतो. सिमेंटची उरलेली पोती गोदामात ठेवता येतात. डांबरी माल थंड झाला की तो फेकायचाच.

या प्रकरणात एकच रस्ता घेऊन हा हिशेब शेवटपर्यंत नेऊ. सिन्नर त्यासाठी सोयीचं गाव आहे. नाशिक–पुणे आणि घोटी–शिर्डी हे रस्ते इथे एकत्र येतात, आणि समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. गोंद्याला त्यावर चढता-उतरता येतं. समृद्धी सिमेंट काँक्रीटचा, म्हणून तो आपल्या हिशेबातून बाद. आपल्याला हवा आहे तो मुख्य रस्त्यावरून आत वळणारा साधा गावरस्ता. लांबी एक किलोमीटर, रुंदी ३.७५ मीटर; एकेरी रस्त्याची ही ठरलेली रुंदी. खाली खडीकरण आहे, वर जुना डांबरी थर आहे, आणि त्यावर ३० मिलिमीटर डांबरी काँक्रीट टाकायचं आहे. साइटवर त्याला सगळे बीसी म्हणतात.

क्षेत्रफळ ३,७५० चौरस मीटर. जाडी ०.०३ मीटर. गुणाकार ११२.५ घनमीटर. इथपर्यंत सातवीतलं गणित. पण प्लांटवाल्याला घनमीटर सांगून उपयोग नाही, त्याला टन हवेत. म्हणजे एक घनमीटर दाबलेला माल किती वजनाचा, हे आधी ठरवायला हवं, आणि सगळा हिशेब या एका आकड्यावर फिरतो.

अमेरिकेतल्या रस्तेवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: एक चौरस यार्ड, एक इंच जाडी, ११० पौंड माल. आपल्या मापात आणलं तर एका चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे साधारण २.३५ किलो. मोबाइलवर सापडणारी तयार गणकयंत्रं बहुधा याच्याच आसपासचा आकडा धरून चालतात. त्या हिशेबाने आपल्या रस्त्याला २६४ टन माल लागेल. तेवढा मागवला तर शेवटची पन्नासएक मीटर लांबी उघडी राहील.

दोष ठोकताळ्याचा नाही, दगडाचा आहे. सिन्नरच्या आसपासच्या खाणींतून निघतो तो दख्खनचा काळा बेसाल्ट. गोंदेश्वराचं देऊळ ज्यात उभं आहे तोच. चुनखडी किंवा ग्रॅनाइट पाण्याच्या २.६ ते २.७ पट जड असतात. घट्ट, भरीव बेसाल्ट २.८ ते २.९ पट भरतो. मालात ९५ टक्के वजन दगडाचंच असल्यामुळे हा फरक सरळ रस्त्यावर उतरतो. बेसाल्टच्या खडीचा दाबलेला माल घनमीटरला २.४५ ते २.५ टन भरतो. आपण २.४८ धरू. ११२.५ घनमीटरचे २७९ टन झाले. मघाच्या आकड्यापेक्षा पंधरा टन जास्त, म्हणजे जवळजवळ एक हायवा. तोंडी हिशेबासाठी मात्र इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे: आपल्या भागात एका चौरस मीटरला, एका मिलिमीटरला, अडीच किलो.

बेसाल्ट बेसाल्टमध्येही फरक असतो, हे इथे सांगायला हवं. लाव्हाच्या एका थराचा मधला भाग भरीव निघतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी पोखरलेला, पांढऱ्या खनिजांनी भरलेला. असा दगड हलका, पाणी पिणारा आणि डांबरही पिणारा. शेजारशेजारच्या दोन खाणींच्या खडीचं वजन म्हणूनच सारखं येईल असं नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत जावं लागतं.

प्रयोगशाळेत काय करतात ते पाहण्यासारखं आहे. सुमारे बाराशे ग्रॅम गरम माल चार इंच व्यासाच्या लोखंडी साच्यात भरतात. त्यावर साडेचार किलोचा हातोडा दीड फुटावरून पडू देतात. पंचाहत्तर ठोके एका बाजूने, मग साचा उलटा करून पंचाहत्तर दुसऱ्या बाजूने. थंड झाल्यावर अडीच इंच उंचीची काळी वडी निघते. ती आधी हवेत तोलतात, मग पाण्यात बुडवून. दोन वजनांच्या फरकातून तिचं आकारमान कळतं आणि त्यावरून घनता. मिसिसिपी राज्याच्या महामार्ग खात्यातल्या ब्रूस मार्शल यांनी १९३० च्या दशकाअखेरीस ही पद्धत बसवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने ती धावपट्ट्यांसाठी उचलली आणि तिथून ती जगभर गेली. आपल्याकडेही मिश्रण ठरतं ते या मार्शल चाचणीवरच. मोठ्या कामाचे शेकडो टन या बाराशे ग्रॅमच्या वडीवरून मोजले जातात.

आता डांबर. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांत ३० ते ४० मिलिमीटर जाडीच्या बीसीला किमान ५.४ टक्के डांबर सांगितलं आहे, मालाच्या एकूण वजनाच्या. पण त्याच कोष्टकाखाली एक टीप आहे, जी बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. ही टक्केवारी २.७ विशिष्ट गुरुत्वाच्या दगडासाठी आहे. दगड त्याहून जड असेल तर टक्केवारी त्या प्रमाणात कमी करता येते. आपला दगड २.८५ धरला तर ५.४ चे ५.१ होतात.

पहिल्यांदा ऐकताना ही पळवाट वाटते. हिशेब करून पाहा. हलक्या दगडाचा माल २६४ टन, त्याचे ५.४ टक्के म्हणजे १४.३ टन डांबर. जड दगडाचा माल २७९ टन, त्याचे ५.१ टक्के म्हणजे १४.२ टन. डांबर तेवढंच! कारण डांबर वजनाला लागत नाही. ते खडीच्या पृष्ठभागावर पातळ थर देतं आणि दाण्यांमधल्या फटी काही प्रमाणात भरतं. खडीचे दाणे तेवढेच, फटी तेवढ्याच, तर डांबरही तेवढंच. दगड जड झाला म्हणून त्याला जास्त डांबर चढत नाही. म्हणून माझं मत असं की गाड्यांचा हिशेब टनात करावा आणि डांबराचा घनमीटरात. आपल्या मालात घनमीटरला सव्वाशे किलोहून थोडं जास्त डांबर बसतं. हा आकडा दगडाच्या वजनाने फारसा हलत नाही.

जुन्या थरावर नवा थर चिकटावा म्हणून आधी टॅक कोट मारतात. डांबराचं पाण्यातलं इमल्शन, चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम. मध्य धरला तर आपल्या रस्त्याला साधारण ९४० किलो. रक्कम किरकोळ, पण घाईच्या कामात पहिली काटछाट यावरच होते, आणि मग पावसाळ्यानंतर नवा थर पापुद्र्यासारखा उचलला जातो.

पैशांकडे येऊ. पुढचे दर उदाहरणापुरते धरलेले आहेत. खरे दर काम काढायच्या दिवशी विचारायचे. डांबराचे तर मुद्दाम विचारायचे, कारण तेल कंपन्या ते महिन्यातून दोनदा, १ आणि १६ तारखेला बदलतात. आपल्याकडचं डांबर मुख्यतः मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांतून येतं. तापवलेल्या टँकरमधून कसारा घाट चढून, घोटीवरून सिन्नरला. देशाच्या गरजेचा मोठा भाग आयातही होतो, त्यामुळे कच्च्या तेलाचा भाव आणि डॉलर या दोन्हींची झळ गावरस्त्यापर्यंत पोहोचते.

प्लांटवर पोहोच डांबर ५५ रुपये किलो धरू. १४.२ टनांचे ७ लाख ८१ हजार. दगड उरला २६५ टन. तो ब्रासने घ्यायचा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर, सुट्टी खडी ब्रासला साडेचार टनांच्या आत भरते. साठ ब्रास लागेल. तीन हजार रुपये ब्रासने १ लाख ८० हजार. माल तापवणं, प्लांट चालवणं, गाड्या, पेव्हर, रोलर, मजूर हे सगळं टनाला दीड हजार धरलं तर ४ लाख १८ हजार. टॅक कोट फवारणीसकट पन्नास हजार. बेरीज १४ लाख ३० हजारांच्या आसपास. यावर ठेकेदाराचा नफा, त्याचे वरखर्च आणि वस्तू व सेवा कर. ते सोडून चौरस मीटरला ३८० रुपये, फुटाच्या भाषेत पस्तीस.

वजनात जे पाच टक्के आहे ते खर्चात निम्म्याहून जास्त आहे. रस्त्याच्या कामातल्या बहुतेक भानगडींचा उगम याच विषमतेत आहे. डांबर अर्धा टक्का कमी टाकलं तर जवळजवळ १.४ टन वाचतं, म्हणजे पाऊण लाखाहून जास्त रुपये, आणि नुसत्या डोळ्यांना माल तितकाच काळा दिसतो. जाडी पाच मिलिमीटरने चोरली तर ४६ टन माल वाचतो, म्हणजे सव्वादोन लाखांवर. म्हणून सरकारी कामात रिफायनरीची मूळ चलनं मागतात, आणि एकदा वापरलेलं चलन दुसऱ्या कामाला लावलं जाऊ नये म्हणून त्यावर शिक्का मारून ते बाद करतात. बोगस चलनांची प्रकरणं महाराष्ट्रात घडलेली आहेत. ठेकेदाराचीही एक बाजू आहे. निविदा भरली त्या दिवशीचा डांबराचा दर आणि काम सुरू होतं त्या दिवशीचा दर यांत किलोला पाच रुपयांचा फरक पडला तर त्याचे सत्तर हजार गेले. सरकारी करारांत त्यासाठी स्टार रेटची तरतूद असते, म्हणजे करारात धरलेल्या दराशी तुलना करून फरक दिला किंवा वळता केला जातो. खाजगी कामात असं काही नसतं. तिथे तो फरक जाडीतून निघतो.

आतापर्यंत आपण जुना रस्ता काचेसारखा सपाट धरला. तसा तो कधीच नसतो. कागदावरचा हिशेब जमिनीवर चुकतो तो बहुतेक वेळा इथे. तीन मीटरची सरळ पट्टी रस्त्यावर आडवी ठेवा आणि खालच्या फटीत मोजपट्टी सरकवा: कुठे पाच मिलिमीटर, चाकोरीत पंधरा, मोरीजवळ तीस. किलोमीटरभराची सरासरी नुसती दहा मिलिमीटर निघाली तरी ३७ घनमीटरांवर माल त्या खोलगटांत जातो. ९३ टन. मूळ हिशेबाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका! शहाणे अभियंते त्यासाठी आधी समतलीकरणाचा वेगळा, कमी डांबराचा थर धरतात. अंदाजपत्रकात तो धरलेला नसेल तर पेव्हर आपोआप न्याय करतो. त्याची पट्टी सरळ चालते, खड्ड्यात जाड थर पडतो, उंचवट्यावर पातळ. मागवलेला माल ठरल्याइतकाच असल्यामुळे मग उंचवट्यांवर पंधरा-वीस मिलिमीटरच राहतो, आणि रस्ता उखडायला सुरुवात तिथूनच होते.

गावरस्त्यांवर बीसीऐवजी अनेकदा वीस मिलिमीटरचं कार्पेट असतं. त्याचा हिशेब सुटसुटीत आहे, कारण तिथे टक्केवारी नाहीच. मानक थेट सांगतं: दहा चौरस मीटरला १४.६ किलो डांबर, वर वाळूच्या सीलकोटला ६.८ किलो. आपल्या रस्त्याला मिळून आठ टन. बीसीच्या निम्म्याहून थोडं जास्त डांबर, म्हणून स्वस्त. पण हा थर सच्छिद्र असतो आणि पाणी अडवण्याचं काम सीलकोट एकटा करतो. ऊस किंवा कांद्याच्या ट्रकांची वर्दळ असलेल्या रस्त्यावर कार्पेट टाकून वाचवलेले पैसे वाचलेले नसतात.

खाजगी कामात वेगळीच गंमत चालते. दहा हजार स्क्वेअर फुटांचं आवार आहे, ठेकेदार म्हणतो, "शेठ, दोन इंच माल टाकून देतो, काळजी करू नका." दोन इंच म्हणजे पन्नास मिलिमीटर, भरघोस वाटतं. इथे एकच प्रश्न विचारायचा: "टाकताना दोन इंच, की दाबून दोन इंच?" सैल माल रोलरखाली बसतो. दाबून तीस मिलिमीटर हवा असेल तर सदतीस-अडतीस पसरावा लागतो. पसरलेले पन्नास दाबून चाळीस होतात. त्या आवारात हा दहा मिलिमीटरचा फरक २३ टन मालाचा आहे. जाडी लेखी घ्यायची, ती दाबल्यानंतरची, आणि सोबत मालाचे टन लिहून घ्यायचे. स्क्वेअर फुटाचा नुसता दर म्हणजे जाडीबद्दल काहीच न बोलणं.

माल मोजून मागवला तरी तो गरम पोहोचला पाहिजे. व्हीजी ३० प्रतीच्या डांबराचा माल प्लांटमधून १५० ते १६५ अंशांना निघतो, पसरताना १४० च्या खाली नको आणि रोलिंग ९० च्या आत यायच्या आधी उरकायला हवं. तीस मिलिमीटरचा पातळ थर थंडीच्या सकाळी वाऱ्यावर काही मिनिटांत निवतो. म्हणून प्लांटचं अंतर, ज्याला अंदाजपत्रकात लीड म्हणतात, निव्वळ डिझेलचा विषय नाही. जून ते सप्टेंबर कामं थांबतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांना एकदम प्लांट हवा असतो. त्या गर्दीत टनाचा दर वाढतो आणि गाड्या रांगेत निवतात. ज्याला जमेल त्याने दिवाळीनंतर लगेच काम काढावं.

आणि एवढा हिशेब ज्याला आला त्याला तपासणीही येते, अभियंता असण्याची गरज नाही. मालाची प्रत्येक गाडी वजनकाट्यावरून येते. काट्याच्या पावत्या गोळा करायच्या. समजा सतरा हायवा आले, सरासरी सोळा टन माल. २७२ टन. भागिले ३,७५० चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला साडेबहात्तर किलो. त्याला अडीचने भागलं की २९ मिलिमीटर. तीसच्या कामाला हे ठीक आहे. पावत्या बाराच निघाल्या तर सरासरी वीस-एकवीस मिलिमीटर झाली, आणि मोजमाप पुस्तकात तीस लिहिलं असेल तर प्रश्न विचारायला ग्रामपंचायतीकडे जागा आहे. ही सरासरी असते, हे विसरायचं नाही. एखाद्या ठिकाणची खरी जाडी पाहायची तर दीडशे मिलिमीटर व्यासाचा कोअर काढावा लागतो. कडेला आणि मध्ये, दोन्हीकडे.

डांबराचं प्रमाण पावत्यांवरून कळत नाही. त्यासाठी पेव्हरमागून माल उचलतात, तोलतात, द्रावकात घालून वेगाने फिरणाऱ्या भांड्यात डांबर धुऊन काढतात आणि उरलेली कोरी खडी पुन्हा तोलतात. वजन जितकं घटलं तितकं डांबर होतं. मानकांप्रमाणे ठरलेल्या प्रमाणापासून ०.३ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं. प्लांट कितीही चांगला असला तरी एवढी डगमग होणारच, म्हणून ही सूट रास्तच आहे. मात्र आपल्या एका किलोमीटरवर ०.३ टक्के म्हणजे ८४० किलो डांबर, धरलेल्या दराने ४६ हजार रुपये. नमुन्यांचे निकाल कधी थोडे वर, कधी थोडे खाली येत असतील तर ती यंत्राची डगमग समजावी. प्रत्येक नमुना ०.२५ ने खालीच येत असेल, तर प्लांटवर जाऊन डांबराच्या पंपाची मांडणी कुणी केली ते विचारावं.